करड्या चित्रांची नावे

आकाशाची छायाचित्रे घेण्याची विद्या शिकवणाऱ्या एका वृद्ध गुरूंकडे एकदा एक लोखंडाचा व्यापारी आला. जन्मापासून त्याला लाल आणि हिरवा यांतला भेद कळत नसे. दोन्ही रंग मातकटच दिसत. तरी आकाशाची ओढ अशी, की साठी ओलांडल्यावर त्याने दुर्बीण घेतली आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची शेकडो छायाचित्रे टिपली. ही चित्रे संगणकात एकावर एक रचली, की काळोखातला धूसर डाग हळूहळू उजळत जातो आणि सृष्टीचा गाभाराच समोर उघडतो.

हे रचण्याचे सॉफ्टवेअर गुरूंच्या शिष्येने, ऋजुताने, तयार केले होते. मुलगी हुशार. चांगल्या चित्रापुढे हिरवा ठिपका, बिघडलेल्यापुढे लाल, अशी तिने सोय केली होती. व्यापाऱ्याला सारे ठिपके सारखेच. त्याने कितीतरी बिघडलेली चित्रे ठेवली, कितीतरी चांगली टाकली, रंगही अंदाजाने भरले. आणि गेल्या रथसप्तमीला वाचनालयातल्या प्रदर्शनात त्याचा तेजोमेघ हिरवागार लागला.

"शेटजी, आभाळात मेथी पेरली का हो?" कुणीतरी म्हणाले. सगळे हसले. तोही हसला, पण ते मनाला लागून राहिले.

"नाना," तो आता गुरूंना म्हणाला, "यंदा पुन्हा चित्र लावायचा संकल्प केलाय. नाही जमलं, तर दुर्बीण देऊन टाकणार. मग वर बघायचंच नाही."

"काका, एवढं काय त्यात?" ऋजुता म्हणाली. "मी देते ना करून, पाच मिनिटांत!"

"नको गं पोरी. व्रत आपलं आणि उपास शेजारणीचा, असं कुठं असतं का?"

तो गेल्यावर ती म्हणाली, "नाना, उणीव त्यांच्या डोळ्यांत आहे. त्याला माझं सॉफ्टवेअर काय करणार? आणि असे येऊन येऊन किती लोक येणार?"

नानांनी तिच्या संगणकाकडे एकदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रदर्शनासाठी स्वतःचे चित्र पुरे करायला बसली. तिचा कॅमेरा फक्त काळे-पांढरे टिपणारा. त्याच्यापुढे आळीपाळीने लाल, हिरवी आणि निळी काच धरून तिने तीन चित्रे घेतली होती. ती तिन्ही एकत्र केली, की रंग उमटणार. पण संगणक उघडून पाहते तो काय, चित्रांवरची नावे पुसलेली, आतल्या नोंदीही पुसलेल्या, क्रमसुद्धा बदललेला!

"नाना! हे कुणी केलं?"

"मी."

"अहो, पण का? प्रदर्शन चार दिवसांवर आलंय!"

"चित्रं तिन्ही समोर आहेत. तुझे डोळे शाबूत आहेत. सांग बघू, लाल कुठलं?"

ती पाहत राहिली. तिन्ही करडी. एकात मेघ अधिक उजळ होता, म्हणून ते लाल असावे असे तिने ताडले. उरलेल्या दोहोंची तिने अदलाबदल करून पाहिली, पुन्हा केली. दोन्ही वेळा काहीतरी रंग उमटले. त्यांतले खरे कोणते, हे मात्र ठरेना. दुपार झाली. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "नाही ओळखता येत, नाना."

नानांनी मूळ चित्रे नावांसकट साठवलेला पेनड्राइव्ह खणातून काढून तिच्या हातावर ठेवला.

"बाळ, या चित्रांत लाल तू कधी पाहिलाच नव्हतास. नाव वाचलंस आणि लाल मानलास. तुला नावाचा आधार लागला, तेव्हा ती तुला उणीव वाटली नाही. शेटजींना मात्र नाव न देता तू नुसता ठिपका दिलास, आणि वर दोष त्यांच्या डोळ्यांना दिलास. अगं, तेराशे वर्षं चालून तो प्रकाश आपल्या दारी येतो. एवढ्या लांबून आलेल्याला आपण उंबऱ्यावर अडवायचं?"

ऋजुता उठली नाही. तिथेच कामाला लागली. चांगल्या चित्रापुढे बरोबरची खूण, बिघडलेल्यापुढे फुली. तिन्ही रंगांच्या आलेखातली एक रेघ सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. चित्रावर जिथे माउसचा बाण न्यावा, तिथे तिन्ही रंगांचे प्रमाण शब्दांत आणि अंकांत.

तिसऱ्या दिवशी व्यापारी येऊन बसला. चष्मा नाकावर ओढून पोथी वाचावी तसा वाचू लागला, "लाल एकशे चाळीस... हिरवा एकशे दहा... हा जरा वर गेलाय काय गं?"

"मला नका विचारू, काका. तुमच्यासमोरच लिहिलंय."

त्याने पुन्हा वाचले. मग आपल्याच हाताने हिरवा खाली आणला.

रथसप्तमीला वाचनालयात बोलत बोलत शिरणारी माणसे व्यापाऱ्याच्या चित्रापुढे आली की थबकत. हळदीकुंकवाला निघालेल्या एका आजींनी नकळत हात जोडले. व्यापारी बाजूला उभा होता. हळूच म्हणाला, "ऋजुता, हा लाल दिसतो तरी कसा गं?"

ती सांगायला गेली आणि थांबली.

"काका, दुर्बिणीला डोळा लावला, तर मलासुद्धा हा मेघ राखेसारखाच दिसतो. इतका मंद प्रकाश आपल्या कुणाच्याच डोळ्यांत लाल होऊन उतरत नाही."

"म्हणजे तूसुद्धा...?"

"मीसुद्धा."

मग दोघे बराच वेळ, शेजारी शेजारी, त्या तेजाकडे पाहत उभे राहिले.

आपल्या हातच्या कामावर खूण करताना, ती ज्याला दिसणार नाही त्याच्यासाठी शेजारी एक शब्दही लिहावा.