केरबाचा गोल

फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या आपल्या या पाच गावांत विहिरींवर मोटा चालायच्या, तेव्हाची ही गोष्ट. तांबुळवाडीत केरबा नावाचा मोटा शिवणारा राहत होता. त्याच्या मोटेतून थेंब गळत नसे, म्हणून पाचही गावांचं कातडं त्याच्याच ओसरीवर यायचं. एरवी ही गावं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. बांधावरून भांडायची, पाण्यावरून भांडायची, काहीच नाही मिळालं तर झाडाच्या सावलीवरून भांडायची!

मग लढाईवरून परतलेले पाच शिपाई, गावागणिक एक, सगळ्यांत मिळून एकच फुटबॉल घेऊन आले. सुगी आटोपल्यावर पाची गावं माळावर त्याच्यामागे धावू लागली आणि काठ्या कोपऱ्यात पडून राहिल्या. अशी पाच गावांची लीग सुरू झाली. पण पहिल्याच महिन्यात फुटबॉलचं कातडं फाटलं. आतली रबरी पिशवी तेवढी शाबूत राहिली.

"नवं कातडं आमच्याच बैलाचं," प्रत्येक गाव म्हणू लागलं. आपल्या बैलाचं कातडं असलं की चेंडू आपलंच ऐकणार, अशी सगळ्यांची पक्की समजूत. शेवटी पंचांनी निवाडा केला. पाच गावांच्या पाच मेलेल्या बैलांचं कातडं, सारखं मापून घ्यायचं. शिवणार केरबा.

केरबाचा मुलगा नागू तांबुळवाडीच्या गोलापुढे बचावाला असायचा. बापाचंच मन ते, घसरलं. केरबानं आपल्या गावच्या पाखऱ्या बैलाचा तुकडा दुप्पट कापला आणि बाकीचे हळूच आखूड कापले. शिवण इतकी बारीक, की कुणाला पत्ता लागला नाही. असं म्हणतात, तो चेंडू घरंगळला की माळावर घुंगरं वाजायची.

शेवटचा सामना तांबुळवाडी आणि खडकेवाडीचा झाला. ऊन कललं, धूळ पिवळी होऊन तरंगू लागली. चेंडू नागूच्या पायाला लागला, सावकाश वळला आणि चालत चालत तांबुळवाडीच्याच गोलात शिरला. एकदा नाही, तीनदा.

"फितूर झाला ह्यो! हाणा त्याला, गावाबाहीर काढा!" म्हणत नागूच्याच गावची माणसं काठ्या घेऊन त्याच्यावर धावली.

खरं सांगावं तर पाच गावांत पुन्हा कुणी त्याच्या हाती कातडं देणार नव्हतं. न सांगावं तर पोटचा मुलगा जात होता. केरबा मैदानात शिरला आणि मुलापुढे, काठ्यांना आडवा उभा राहिला.

"पोराचा दोष न्हाई. लबाडी माजी हाय," म्हणाला, आणि कातडं कापायच्या रापीनं चेंडू उसवून पाचही तुकडे सगळ्यांपुढे मांडले.

तेवढ्यात खडकेवाडीच्या तालमीचे म्हातारे वस्ताद यलगोंडा खो खो हसत सुटले. "अरं केरबा, दिस कलल्यावर बैल दुसऱ्याच्या दारात जातोय व्हय? त्यो आपल्याच गोठ्याकडं जानार की!"

मग सगळा माळ हसला. हसता हसता काठ्या खाली आल्या.

"बस हितंच आन पुन्यांदा शीव," वस्ताद म्हणाले. "आमी थांबतो."

केरबा डोळे पुसत शिवायला बसला. भोवती पाच गावं बसली, कोण कुठलं हे न बघता, गुडघ्याला गुडघा लावून. असं म्हणतात, शेवटचा टाका पडेपर्यंत सूर्य डोंगराच्या कडेवर तसाच टेकून राहिला होता. पुढं सामना कोण जिंकलं? तांबुळवाडीकर तांबुळवाडी सांगतात, खडकेवाडीकर खडकेवाडी. आपण कशाला मध्ये पडा!

मोटा गेल्या, पंप आले, चेंडूही आता दुकानातून येतात. लीग मात्र दर वर्षी त्याच माळावर भरते. आणि अजूनही कुणाच्या पायानं चेंडू आपल्याच जाळीत गेला, तर त्याला कुणी शिवी देत नाही. "केरबाचा गोल!" अशी माळभर आरोळी उठते. समोरच्या संघाचा कप्तान स्वतः चालत जातो, खाली मान घालून उभ्या असलेल्या त्या गड्याच्या खांद्यावर हात टाकतो आणि त्याला मधल्या रेषेपर्यंत घेऊन येतो. मगच खेळ पुढे सुरू होतो.