कापायला दिलेलं चित्र

फार फार पूर्वीची, समुद्रापलीकडच्या जपान देशातली ही गोष्ट. तिथे नदीकाठच्या एका गावात हिकोझो नावाचा एक कारागीर राहत होता. लाकडावर चित्र कोरायचं हा त्याचा धंदा. चित्रकाराने कागदावर चित्र काढायचं, हिकोझोने ते चेरीच्या फळीवर कोरायचं, आणि त्याची बायको ओसुमी हिने त्या फळीला शाई लावून छाप काढायचे. एका फळीवरून दोनशे-तीनशे छाप सहज निघत आणि घरोघरी जात.

हिकोझोचा हात असा, की भुवईतला केस न् केस वेगळा कोरून दाखवील. पण स्वभावाने गडी महा भित्रा. लोक ताक फुंकून पितात, हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. सुरीला धार लावायची ती तीनतीनदा, फळी तासायची ती चारचारदा. ओसुमी त्याच्या अगदी उलट. तिचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे.

"अहो, तुमची फळी तयार होईस्तोवर माझी शाई वाळते आणि मी म्हातारी होते," असं ती चारचौघांत म्हणायची. हिकोझो आपला नुसता हसायचा.

त्या गावच्या नदीवर पूल नव्हता. ओनामी नावाची एक तरणीताठी बाई नाव चालवायची आणि सगळ्यांना पैलतीरी न्यायची, आणायची. एका वर्षी नदीला असा पूर आला, की पलीकडची वस्ती अर्धी पाण्यात गेली. सगळे काठावर उभे राहून हाका मारत होते. ओनामीने मात्र नाव सोडली. एकेका खेपेला चार-चार, पाच-पाच माणसं तिने अलीकडे आणली. अकरा खेपा झाल्या. बाराव्या खेपेला गेली ती परत आलीच नाही.

गावात असं घर नव्हतं, ज्यातलं कुणी ना कुणी तिच्या नावेतून वाचलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की तिच्या वर्षश्राद्धाला प्रत्येक घरात तिचं चित्र लागलं पाहिजे. गावातल्या म्हाताऱ्या चित्रकाराने तिला लहानपणापासून पाहिलं होतं. तो कामाला बसला, आणि चाळीस दिवसांनी त्याने एका पातळ कागदावर ओनामी काढली. हातात वल्हं, डोक्याला फडकं, फडक्यातून निसटलेले चार केस, आणि ओठांवर ते तिचं अर्धवट हसू. बघणाऱ्याच्या अंगावर काटाच आला. पण चित्र पुरं झालं आणि आठ दिवसांत म्हाताऱ्याला झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात असा थरथरायला लागला की चहाचा पेला धरवेना.

त्याने हिकोझोला बोलावून कागद त्याच्या हातात दिला. म्हणाला, "बाबा रे, माझ्या हातून आता दुसरं होणार नाही. नीट कोर."

इथेच हिकोझोच्या तोंडचं पाणी पळालं. का, ते सांगतो. या कामाची रीत मोठी कठोर. चित्राचा कागद फळीवर उपडा चिकटवायचा. मग बोटाने हळूहळू घासून त्याची पाठ सोलून काढायची, म्हणजे रेघा वर दिसू लागतात. आणि मग त्या रेघांच्या दोन्ही अंगांनी, कागदासकट लाकूड कापायचं. फळी कोरून होते, तेव्हा चित्राचा कपटाही शिल्लक राहत नाही. साधली तर फळी साधली, आणि सुरी घसरली तर चित्रही गेलं आणि फळीही गेली.

आजवर हिकोझोने शेकडो चित्रं अशी कापली होती. बिघडलं तर चित्रकार दुसरं काढून द्यायचा. पण हे? हे बिघडलं, तर ओनामीचा चेहरा जगातून दुसऱ्यांदा जायचा, आणि या खेपेला तो हिकोझोच्या हातून जायचा!

झालं. गड्याने चालढकल सुरू केली. आज काय तर लाकूड दमट आहे, उद्या काय तर कागद चिकटवायची खळ पातळ झाली. कागद पेटीत, आणि पेटीला कुलूप. ओसुमी रोज डोकं खायची, "अहो, वर्षश्राद्ध काय तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

शेवटी वीस दिवस उरले, तेव्हा हिकोझोला एक युक्ती सुचली. ओसुमी ब्रश धुवायला नदीवर गेली होती. त्याने मूळ चित्रावर दुसरा पातळ कागद ठेवला आणि रेघेवर रेघ गिरवून हुबेहूब नक्कल काढली. मूळ चित्र परत पेटीत गेलं, नक्कल फळीवर चिकटली. 'यात फसवणूक कसली?' त्याने मनाशी म्हटलं. 'रेघ तीच, जागा तीच. मी काही पदरचं घातलेलं नाही.' मग मात्र त्याची सुरी सरसर चालली. भीतीच नव्हती ना! बिघडलं तर दुसरी नक्कल काढता येणार होती.

फळी झाली. ओसुमीने शाई लावली, ओलसर कागद फळीवर अंथरला, बांबूच्या सालीने मढवलेल्या चकतीने तो पाठीमागून दाबून घासला आणि अलगद उचलला. बराच वेळ ती बघतच राहिली.

"का हो," ती म्हणाली, "नाक तेच, डोळे तेच. पण ही बाई मला ओळखीची वाटत नाही."

"तुझं आपलं काहीतरीच! शाई जास्त झाली असेल तुझी."

"माझ्या शाईला नावं ठेवू नका. चला, तिच्या आईलाच दाखवू."

ओनामीची आई घाटाजवळच्या खोपटात राहायची. गावचा मुखियाही तिथेच बसला होता, म्हातारा चित्रकारही होता. ओसुमीने छाप म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीने तो जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे तिरका धरला. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "छान आहे हो. कोण गं ही? कुणाची मुलगी?"

हिकोझोला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चित्रकाराने हात पुढे केला, थरथरत्या हाताने तो छाप घेतला आणि एकदाच बघितला.

"ही रेघ माझी नाही," तो म्हणाला. "ही विचारत विचारत गेलीय. इथे वळू का, तिथे थांबू का, चुकले तर नाही ना. मी काढली तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. खरं सांग हिकोझो, काय कोरलंस तू?"

हिकोझोने मान खाली घालून सगळं सांगितलं. पेटी, कुलूप, नक्कल, सगळं. ओसुमीने कपाळाला हात लावला, पण नवऱ्याला चारचौघांत बोलली नाही.

"म्हणजे मूळ चित्र शाबूत आहे!" मुखिया उठून उभाच राहिला. "अरे, मग रडता कशाला? बरंच झालं की! आता ते कापूच नका. डोंगरावरच्या देवळात चौकटीत लावून ठेवू. ज्याला बघायचं त्याने वर जावं, दर्शन घ्यावं. उगाच जोखीम कशाला घ्यायची?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हिकोझोच्या तर जिवात जीव आला. कापायला नको, बिघडायला नको, कुणाची बोलणी खायला नकोत. वर त्याच्या भित्रेपणालाच शहाणपण म्हटलं गेलं. आणखी काय हवं माणसाला?

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "बरं केलंत हो. त्या देवळाला दोनशे पायऱ्या आहेत. मला काही चढवायच्या नाहीत. पण असू दे. बाकीच्यांना तरी दिसेल."

ती हे रागाने बोलली नाही, की तिने टोमणाही मारला नाही. पण हिकोझोच्या काळजात ते सुरीसारखं घुसलं. जिची पोरगी, तिलाच दिसणार नाही! आणि का, तर एका कारागिराचा हात भितो म्हणून!

"नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "देवळात नाही ठेवायचं. ते कापायला काढलंय. मी कापणार."

"आणि सुरी घसरली तर?" मुखियाने डोळे वटारले.

"घसरली तर गावापुढे उभा राहीन आणि सांगीन, माझ्या हातून गेलं. मग मला काय बोलायचं ते बोला. पण पेटीत ठेवून मी ते घालवणार नाही."

मुखिया आणखी काही बोलणार होता. पण ओसुमी पदर खोचल्यासारखी कंबर कसून मध्ये आली आणि म्हणाली, "एकदा ते नाही म्हणालेत ना? आमच्या घरात हा शब्द वर्षाकाठी एकदाच निघतो. निघू द्या."

वर्षश्राद्धाला नऊ दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हिकोझोने मूळ चित्र काढलं, फळीवर उपडं ठेवलं, आणि खळ लावलेल्या लाकडावर तळहाताने दाबून बसवलं. आता माघार नाही. त्याने म्हाताऱ्या चित्रकाराला हात धरून आणलं आणि शेजारी बसवलं.

"आजोबा, ही गालाची रेघ तुम्ही कुठून सुरू केलीत? वरून की खालून?"

"वरून. एका दमात. हनुवटीपाशी आलो तेव्हा श्वास सोडला."

हिकोझोने श्वास भरून घेतला, सुरीच्या टोकाला डाव्या हाताचं बोट टेकवलं, आणि गालाची रेघ वरून खाली एका दमात कापली. हनुवटीपाशी त्याने श्वास सोडला. रेघ अशी आली की म्हातारा 'हं!' म्हणाला. तेवढंच.

मग रोज हेच. हिकोझो विचारायचा, म्हातारा थरथरत्या बोटाने हवेत रेघ काढून दाखवायचा, आणि हिकोझो ती लाकडात उतरवायचा. भीती गेली म्हणता? छे! ती कसली जाते. पाठीवरून घामाचे ओघळ वाहायचे. पण भीतीला त्याने सांगितलं, तू हवं तर शेजारी बस, सुरी मी धरणार.

पाचव्या दिवशी ओठ आले. ते अर्धवट हसू. नेमकं तिथेच लाकडाचा धागा आडवा निघाला. सरळ सुरी घातली असती तर ओठाच्या कोपऱ्याचा टवकाच उडाला असता. पूर्वीचा हिकोझो असता तर फळी खाली ठेवून चार दिवस तिच्याकडे बघत बसला असता. या वेळी त्याने फक्त डोळे मिटले, बोट फिरवून लाकडाचा कल पाहिला, फळी उलटी फिरवून धाग्याच्या बाजूने धरली आणि विचारलं, "आजोबा, हे हसू किती वेळात काढलंत?"

"चिमणी उडते तेवढ्या वेळात."

सुरी टेकली आणि उचलली. ओठाचा कोपरा जागच्या जागी होता. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले.

आठव्या दिवशी फळी पुरी झाली. खाली लाकडाच्या ढलप्या पडल्या होत्या आणि त्यांत चित्राचे बारीक बारीक कपटे. ओसुमीने ते झाडूने गोळा केले. क्षणभर तिचाही हात थांबला. चाळीस दिवसांचं काम केरात होतं. मग तिने बाह्या सारल्या, शाई घोटली आणि छाप काढायला बसली. तो दिवस, आणि ती सगळी रात्र, तिने चकती हातातून खाली ठेवली नाही. खांदा भरून आला, तरी एकही छाप तिने उरकायचा म्हणून उरकला नाही.

वर्षश्राद्धाच्या सकाळी पहिला छाप घेऊन दोघं घाटाजवळच्या खोपटात गेले. म्हातारी दारात शेंगा सोलत बसली होती. हिकोझोने कागद तिच्यापुढे धरला.

म्हातारीने वर पाहिलं. तिच्या हातातली शेंग खाली पडली. तिने कागद जवळ धरला नाही, लांबही धरला नाही. डोळ्यांत पाणी तरारलं आणि ती एकदम रागावूनच बोलली, अगदी पोटच्या पोरीशी बोलावं तसं,

"काय गं, किती उशीर केलास! जेवण निवलं ना!"

आणि मग तो कागद छातीशी धरून ती धाय मोकलून रडली. दाराशी उभ्या हिकोझोच्याही डोळ्यांना धार लागली. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात ओनामी आली. ज्यांना दोनशे पायऱ्या चढवत होत्या त्यांच्या घरी आली, आणि ज्यांना चढवत नव्हत्या त्यांच्याही.

तात्पर्य: भीतीने कुलपात ठेवलेलं मोलाचं काम कुणाच्याच कामी येत नाही, ते गमावण्याची तयारी ठेवून जो हात घालतो, त्याच्याच हातून ते घरोघरी पोचतं.