ओळखण्याचा काळ

“सर, तुम्ही… ‘शी इज नोइंग मी’ म्हणालात?”

दिघे सरांनी फोन खाली ठेवला. पलीकडे त्यांची चेन्नईची सून होती, म्हणून बोलणं इंग्रजीतून चाललं होतं.

“म्हणालो.”

शर्वाणीला हसू आवरेना. मिरजेत तिच्या इंग्रजीच्या क्लासचा दबदबा होता. लग्नपत्रिकेतलीसुद्धा चूक ती सोडत नसे. आणि ज्यांच्याकडून ती हे सगळं शिकली, तेच आज चुकले होते!

“‘नो’ला ‘आयएनजी’ लागत नाही, सर. ओळखणं, आवडणं, समजणं… ही क्रियापदं इंग्रजीत चालू काळात येत नाहीत. माणूस ओळखतो, नाहीतर ओळखत नाही. तुम्हीच शिकवलंत. याच चुकीपायी मला बाकावर उभं केलं होतंत.”

“हो. रडली होतीस.”

“मग?”

सरांनी आतल्या दाराकडे पाहिलं…

आतून नलिनीकाकू आल्या. सरांच्या पत्नी. शर्वाणी शाळकरी असताना शिकवणीला यायची, तेव्हा जाताना तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवायच्या.

ती नमस्काराला वाकली. परक्या माणसाकडे बघावं तसं काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग सरांकडेही तसंच.

“कोण आपण? मास्तर घरी नाहीत.”

शर्वाणी तशीच वाकलेली राहिली.

सर मात्र एखाद्या पाहुण्यासारखे अदबीनं उठून उभे राहिले.

“येतील ना. तोवर इथं बसलो तर चालेल?”

“बसा.”

सर बसले. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या… बघतच राहिल्या. मग पुढं झाल्या. सरांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला, काचांवर तोंडाची वाफ सोडली, पदरानं पुसल्या आणि चष्मा पुन्हा नीट त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

“अहो, किती मळवता हा!”

आणि त्यांचा हात हातात घेऊन तिथंच शेजारी टेकल्या.

शर्वाणीनं डोळे टिपले.

“सर,” ती पुटपुटली, “तुमचं वाक्य बरोबर होतं.”

“छे, चूकच आहे ते.” काकूंच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता सर हळूच म्हणाले, “पण आत्ता बोलू नकोस गं… चालू आहे.”