परमुलखातल्या प्रधानाची बखर

एकदा काय झालं, सात समुद्रांपलीकडे इंग्रजांच्या देशात एका तरुण राजाचं राज्य गेलं. त्याच्याबरोबर त्याचा प्रधानही परमुलखात गेला. प्रधानाचं नाव अँब्रोज. राजा उपाशी, तर प्रधानही उपाशी. मग चौदा वर्षांनी राज्य परत मिळालं. राजा सुखावला. सुखावल्या राजाला जुना प्रधान टोचायला लागला, बरं का! सारखं आपलं, "महाराज, हे बरं नव्हे."

मग राजाने त्यालाच देशाबाहेर घालवलं.

प्रधान म्हातारा झाला होता. पाय सुजलेले. परमुलखात एका खोलीत बसून तो बखर लिहायला लागला. आधी लिहिलं लायनेलवर. लायनेल त्याचा जिवलग मित्र, लढाईत मेलेला. प्रधानाने त्याचं सगळं चांगलं चांगलं लिहिलं. काही झालं नाही. मग त्याने खरं लिहिलं. लायनेल हट्टी होता, केस विंचरत नसे, वाद घालताना ताटातलं जेवण गार करायचा. आणि काय सांगू! संध्याकाळी लायनेल येऊन शेकोटीपाशी बसला. केस तसेच.

"गबाळा म्हणून लिहिलंस होय रे?" तो हसला.

तेव्हापासून तो रोज यायचा.

पण प्रधानाला घरच्या मातीत मरायचं होतं. त्याने राजाला पत्र लिहिलं, "मला मरायला घरी येऊ द्या." उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर नाही. तिसऱ्याला उत्तर आलं, "लढाईत मी पळालो आणि लायनेल मागे एकटा पडला, असं तू लिहिलंयस म्हणे. ते पान जाळ. मग ये."

"जाळून टाक," लायनेल म्हणाला. "मी मेलेला माणूस. मला पुन्हा मारून तुला कसलं पाप लागणार?"

"गप बस," प्रधान म्हणाला. "तू जिवंत होतास तेव्हाही मी तुझं ऐकलं नाही."

म्हणाला खरा, पण डोळे भरून आले. घर हवं होतं हो त्याला.

मग बखरीत राजावर जे पान लिहिलं होतं, तेच त्याने राजाला पाठवलं. "हे तुमचं आहे. हवं तर जाळा. लायनेलचं मी जाळणार नाही."

राजाने वाचलं. पळाल्याचं होतं. आणि खाली असंही होतं, की परमुलखात एकच भाकरी उरली, तेव्हा राजाने अर्धी आपल्या आजारी प्रधानाला भरवली.

राजा विसरूनच गेला होता ते.

त्या संध्याकाळी त्याच्या शेजारी एक तरुण येऊन बसला. हाडकुळा, नुकतं मिसरूड फुटलेला, फाटक्या कोटातला. तो राजाच होता, बरं का, विशीतला. इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "आपले प्रधान कुठे आहेत? जेवले का ते?"

पहाटेच राजाने प्रधानाला आणायला चार घोड्यांची गाडी धाडली.

गाडी पोचली, तेव्हा प्रधानाला जाऊन एक दिवस झाला होता. बखर पुरी झाली होती. गाडीवाल्याने टोपी काढली, आणि प्रधानाला घेऊन गाडी घरी निघाली.

राजा वेशीपर्यंत पायी आला. गाडीमागून चालत गेला.

असा प्रधान आपल्या मातीत निजला, बाळांनो. त्याचं दुःख त्याच्यापाशी राहिलं, तुमची झोप तुमच्या डोळ्यांत येवो. पांघरूण घ्या बघू.