येरझारीची वाट

ही समोरची वाट बघा. धुपाच्या झाडांपासून निघते, सड्यावरून, म्हणजे या उघड्या कातळपठारावरून, कड्यापर्यंत जाते आणि तिथेच संपते. पुढे दरी. या वाटेने ना पाण्यावर जाता येत, ना दुसऱ्या गावाला. तरी कातळात ती घोटाभर खोल झिजली आहे. ती कुणी खोदलेली नाही. एका बाईच्या पायांनी पडली, असे आमच्याकडे सांगतात.

तिचे नाव ठकू. नवरा जानू झोरे, आमच्यासारखाच गवळी धनगर. म्हशी होत्याच, पण उन्हाळ्यात दोघे या झाडांच्या सालीला खाचा पाडून धूप गोळा करायची. काळा, काचेसारखा चकाकणारा डिंक. पावसाळा सरत आला की बंदरावरचा कासम अत्तार तो न्यायला यायचा. भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढायचा. तो अर्क घातला की अत्तराचा वास कपड्यावरून लवकर उडत नाही म्हणे.

एका भादव्यात कासमला घाट चढवून आणायला जानू सकाळीच गेला. दोघे सड्यावर पोचतात तोच धुके उतरले. इथले धुके तुम्ही पाहिलेले नाही. स्वतःचा पसरलेला हात दिसत नाही. दोघांची चुकामूक झाली.

ठकू धुपाच्या झाडांजवळच्या आपल्या घरात होती. दुपार झाली तरी माणसे येईनात, तेव्हा ती बाहेर आली आणि हाका मारू लागली. जानूची ओ आली. पुन्हा मारली, तर दरीतून आल्यासारखी आली. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. आपल्या हाकेच्या मागे तो कड्यावरून जाईल, या भीतीने तिने तोंड मिटले. पण मग करायचे काय? आत-बाहेर, आत-बाहेर, तिला काही सुचेना. शेवटी तिने खापरात निखारे घेतले, वर मूठभर धूप टाकला आणि निघाली. एका जागी उभे राहिले तर धूर तिथेच घुटमळत होता. म्हणून ती चालत राहिली. घरापासून कड्यापर्यंत, कड्यापासून घरापर्यंत. कडा तिला पायांनी ठाऊक होता. वासावर येणारा कुणी चुकून तिकडे वळलाच, तर आधी आपल्याला धडकेल, एवढाच तिचा हिशेब.

वासावर पहिला आला तो कासम. ओलाचिंब, एकटा.

"आमचे हे कुठे आहेत?" तिने चालता चालताच विचारले.

"माझ्यापुढे होता, बहिणी. वाट शोधून येतो म्हणाला."

कासमने खापरात पाहिले. वर्षाचा माल जळत होता, टोपली तळाला गेली होती.

"तुमचाच माल आहे, दादा," ठकू म्हणाली. "पण मला थांबता येत नाही."

कासमने कमरेची कुपी सोडली. गेल्या सालचा अर्क होता तो, राजवाड्यात पोचवायचा. "ओल्या हवेत धूर लांब जात नाही," तो म्हणाला, "हा जाईल." निखाऱ्यांवर थेंब थेंब सोडत तोही तिच्याबरोबर चालू लागला.

दिवस कलायच्या सुमाराला जानू रांगत आला. पाय मुरगळून सुजला होता. घर समोर आहे असे समजून तो दरीकडे सरकत होता. वास आला तो पाठीमागून. मग तो वळला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण ठकूचे पाय काही थांबेनात. पुढे कधीही धुके उतरले की ती हातातला घास ठेवून उठायची आणि खापर घेऊन निघायची.

जानू म्हणायचा, "मी आलो ना घरी? बस आता."

"तुम्ही आलात," ती म्हणायची. "पण आज आणखी कुणी असेल."

कधी एखादा वाटसरू यायचा, कधी चुकलेले वासरू. बहुतेक वेळा कुणीच नाही. जानू चिडायचा, रुसायचा. सडा कोरडा झाला की ठकूही शांत होई, पण तिची नजर ढगांवर असायची. म्हातारपणी ती गेली. तिला मूठमाती देऊन माणसे परत येताहेत, तोच धुके उतरले. सगळे घाईने घरात शिरले. जानू मात्र दारात उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने खापर उचलले आणि लंगडत बाहेर पडला. कुणी अडवले नाही. त्याचा पाय दुखायला लागला तेव्हा शेजारच्या घरातल्या बाईने पुढे होऊन खापर हातात घेतले.

आजही धुके उतरले की ज्याची पाळी असेल त्या घरातले माणूस धूप पेटवून या वाटेने येरझाऱ्या घालते. टॉर्च आले, मोबाइल आले, कड्याला कठडाही झाला. पाळी काही चुकली नाही. चालणाऱ्याने बसायचे नसते, आणि कोण हरवले आहे, हे त्याला कुणी विचारायचे नसते.