दोरीच्या जाडीएवढी उडी

“...आणि दोरी पायात आली तर?” बाबालाल वस्तादांनी विचारलं.

“न्हाई येत,” बळवंत मगदूम म्हणाला. “पोरीबाळींचा खेळ ह्यो. त्यात काय एवढं?”

वस्तादांनी तालमीतल्या खुंटीवरची दोरी काढली. सुती, जाड, वापरून मऊ पडलेली. दोन्ही टोकांना बांबूच्या मुठी. ती त्याच्या हातात दिली आणि ते भिंतीला पाठ लावून बसले.

बळवंत पंचक्रोशीतला नावाजलेला पैलवान. अंगानं दरवाजा भरून उरेल असा. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यानं मुठी आवळल्या, हात पंखांसारखे पसरले, दोरी गरगरा फिरवली आणि उडी मारली.

उडी कसली, छपरावरून पोतं पडलं म्हणा. मारुतीच्या तसबिरीपुढची समई हलली. दुसऱ्या उडीला दोरी नडगीवर बसली. तिसरीला ती अंगठ्यात अडकली आणि गडी भिंतीवर जाऊन आदळला.

“दोरी आखूड हाय,” तो म्हणाला.

“तिच्या मधोमध एक पाय ठेव. मुठी वर वढ.”

त्यानं ओढल्या.

“कुठवर आल्या?”

“काखंपतोर.”

“मग दोरी बराबर हाय.”

बळवंतचे कान लाल झाले. वस्ताद हसले नाहीत. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

“कशापायी शिकायचीय?” त्यांनी विचारलं.

“चैतात जत्रंची कुस्ती हाय. पाय जड पडाय लागलेत माझं. हलकं करायचं हाईत.”

“आणि?”

“आणि काय न्हाई.”

...

आणखी होतं, आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी याच तालमीत, याच हौद्यातल्या लाल मातीत, बळवंतच्या हाताखाली त्याच्या धाकट्या भावाची मान मोडली होती. भावाचं नाव महिपती. लढत नुसती सरावाची होती, पण त्या दिवशी बघायला बाहेरगावची माणसं जमली होती. बळवंत पुढं सगळ्यांना सांगत राहिला, पाय घसरला. लोक ऐकून घेत आणि दुसरा विषय काढत.

महिपती आता घराच्या माडीवर पडून होता. मानेखाली त्याला काही कळत नव्हतं. मान मात्र कळत होती, नको तेवढी. माडीला लाकडी फळ्या. कुणी जोरात पाऊल टाकलं की हादरा खाटेतून त्याच्या मानेत जाई आणि तो ओरडे. बळवंतच्या पावलाला तर हमखास ओरडे. शेवटी एक दिवस आईनं जिन्यात हात आडवा लावला आणि सांगितलं, तू वर येऊ नकोस.

तेव्हापासून एका घरात राहून भावानं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. बळवंत खाली बसून जेवायचा आणि वरचं खोकणं ऐकायचा. ते खोकणं सुरू झालं की तो हातातला घास परत ताटात ठेवायचा. हे तो कुणाला सांगत नव्हता. पैलवानानं असलं काही सांगायचं नसतं अशी त्याची समजूत होती, आणि ती त्याची एकट्याचीच होती असंही नाही.

“उद्यापास्नं ये,” वस्ताद म्हणाले. “दोरी हितंच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला दोरीशिवाय उड्या मारायला लावल्या.

“दोरीबिगर?”

“दोरीचा काय गुन्हा न्हाई. आदी तू नीट पड.”

“किती उंच मारू?”

वस्तादांनी दोरी चिमटीत धरून दाखवली. “हिच्या जाडीएवढी.”

“एवढीच?”

“हिला खालनं जायाला एवढीच जागा लागती. वर जे मारतूस ते लोकांना दावायला.”

बळवंतला राग आला. त्यानं उडी मारली. टाचा धाडकन टेकल्या.

“ऐकू आलं,” वस्ताद म्हणाले.

पुन्हा मारली.

“ऐकू आलं.”

असे दिवस गेले. चवड्यावर उतरायचं. गुडघा ताठ नको, थोडा सैल. अंगठ्याशी जमीन लागली की तिथंच थांबायचं, टाच खाली येऊ द्यायची नाही. पोटऱ्यांना गोळे यायचे. जोर काढायला आलेली पोरं कोपऱ्यात उभी राहून बघायची आणि तोंड फिरवून हसायची. हजार बैठका सहज मारणारा गडी, आणि बोटभर उडी त्याला येईना.

मग वस्तादांनी दोरी दिली, पण दोन्ही मुठी एकाच हातात. अंगाच्या कडेला फिरवायची. ती जमिनीला लागल्याचा आवाज आला की उडी. दोरी वेगळी, उडी वेगळी, दोन्हींचा वेळ एक.

“तिच्या अंगावर धावून जाऊ नगंस,” ते म्हणाले. “ती ईल. तू फकस्त वेळंवर वर हो.”

मग दोन्ही हात. तेव्हा कोपरं पुन्हा पंखांसारखी पसरली. वस्तादांनी बाहेरून मक्याची दोन कणसं आणली आणि त्याच्या दोन्ही काखांत एकेक खुपसलं.

“हे काय?”

“पडू देऊ नगंस. मनगाट फिरव. खांदा न्हाई.”

कणसं पडली. उचलली. परत पडली. त्या दिवशी बळवंतनं एक कणीस भिंतीवर फेकून मारलं. वस्तादांनी ते उचललं, दाणे वेचले, आणि दुसरं आणायला बाहेर गेले. ते आता पाय ओढत चालत होते. बळवंतच्या ते ध्यानात आलं.

आणि एका सकाळी जमलं. दोरी पायांखालून जाऊ लागली, डोक्यावरून येऊ लागली, आणि तिच्या हवा कापण्याखेरीज काही ऐकू येईना. नजर समोर, समईच्या ज्योतीवर. ज्योत हलत नव्हती. बळवंतला हसू फुटलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

“झालं, वस्ताद! आता बघा जत्रंत...”

वस्तादांनी कपडे ठेवायची लाकडी फळी काढली, दोन विटांवर आडवी टाकली आणि म्हणाले, “हिच्यावर चढ.”

“फळीवर? कुस्ती मातीत असती, वस्ताद.”

वस्तादांनी फळी पायानं दाबून बघितली.

तो चढला. पहिल्या उडीला फळी कुरकुरली. त्याचं हसू गेलं. पण त्यानं विचारलं नाही, फळी कशाला. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

फळी कुरकुरायची थांबली त्या दुपारी वस्तादांनी दोरी गुंडाळून काखेत मारली. “चल.”

“कुठं?”

“तुझ्या घरला.”

...

ताराक्का जिन्याच्या तोंडाशी भाजी निवडत होत्या. मोठ्या मुलाला वस्तादांच्या मागं बघून त्या उठल्या आणि त्यांनी हात आडवा लावला.

“तुमी जावा वस्ताद. ह्यो न्हाई.”

“आजच्यापुरता येऊ द्या, ताराक्का.”

“त्याचं पाऊल मला ठावं हाय.”

“ते पाऊल न्हाई आता.”

“तुमीबी व्हता की त्या दिशी तितं,” ताराक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माझं पोरगं मातीत पडलं तवा तुमी तितंच बसला व्हता.”

“व्हतो,” वस्ताद म्हणाले.

ताराक्कांनी हात काढला. माफ केलं म्हणून नव्हे. हात दुखत होता, इतके दिवस.

वस्ताद पायरीच्या कडेनं चढू लागले, चवड्यावर. मधली तिसरी पायरी त्यांनी बघितल्याशिवाय ओलांडली. ही पायरी वाजते हे यांना कसं ठाऊक, असा बळवंतच्या मनात विचार आला. वरच्या फळीवर त्यांचा तोल जरासा गेला आणि टाच टेकली. आतून दात आवळल्याचा आवाज आला.

“वस्ताद,” आतला आवाज म्हणाला, “काल बी टेकली. आज बी टेकली.”

“वय झालं लेकरा.”

तेव्हा बळवंतला कळलं. रोज दुपारी, आपण रानात असताना, तालीम बंद करून हा म्हातारा कुठं जातो ते.

खाटेवर महिपती उताणा होता. एवढ्या दिवसांत त्याचं अंग वाळून गेलं होतं. चेहरा तेवढा तोच. बळवंत दारात थांबला. मैदानात हजारोंसमोर न डगमगणारा माणूस, त्याला उंबरा ओलांडवेना.

वस्तादांनी उशाशी एक पाट ठेवला. पाटावर पितळी वाटी ठेवली आणि ती तांब्यानं काठोकाठ भरली. मग दोरी बळवंतपुढं धरली.

“मार.”

“हितं?”

“हितं. त्याच्या शेजारी.”

“वस्ताद, मला न्हाई जमायचं. त्याच्या मानंला...”

“मार.”

बळवंतनं दोरी घेतली. ती फळीवर लोळत राहिली.

“मार की, दादा,” महिपती म्हणाला. “बघू तरी काय शिकलास.”

बळवंतनं कोपरं बरगड्यांशी आणली. काखेत कणसं नव्हती, पण त्याला ती लागत होती. मनगटं फिरली. दोरी खाली आली, फळीला हलकेच लागली, आणि तो वर झाला. तिच्या जाडीएवढा. चवड्यावर उतरला. पुन्हा. पुन्हा.

वाटीतलं पाणी काठाशी थरथरलं, पण बाहेर थेंब आला नाही. खाट हलली नाही.

महिपती डोळे तिरके करून वाटीकडं बघत होता. त्याला तेवढंच करता येत होतं. तो ओरडला नाही. ताराक्का जिन्यातून वर आल्या होत्या आणि चौकट धरून उभ्या होत्या. माडीवर फक्त दोरीचा आवाज होता, बाजूच्या खोलीत कुणी धान्य पाखडावं तसा.

बराच वेळ झाला. बळवंतच्या चेहऱ्यावर घाम आला, आणि त्या घामात एक आशा आली. भाऊ ओरडत नाही. भाऊ ओरडत नाही.

मग महिपती बोलला.

“एवढं हळू येतं व्हतं व्हय रं तुला, दादा?”

दोरी थांबली.

खाली दावणीला म्हैस पाय आपटत होती, ते वर ऐकू येत होतं.

तालमीचा एक कायदा असतो. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी तोच सांगतात, कुठल्याही डावाच्या आधी. खालच्या गड्यानं हातानं मातीवर थाप मारली की वरच्यानं सोडायचं. त्याच क्षणी. मग बघणारा राजा असो, कुणी असो.

“पाय घसरला न्हवता,” बळवंत म्हणाला.

“थाप कळली व्हती मला. दोन बार मारलीस. माणसं टाळ्या वाजवत हुती... म्हणलं, जरा आणि दाबतो. एवढंसं.”

“ठावं हाय,” महिपती म्हणाला. “थाप मारणाऱ्याला ठावं असतंय, लागली का न्हाई ती.”

ताराक्का चौकटीशी खाली बसल्या. पदर तोंडात धरला. त्यांना रडूही मोठ्यानं येत नव्हतं, या माडीवर त्यांनी ती सवयच मोडली होती.

बळवंत वस्तादांकडं वळला. त्याला वाटलं असावं, आता हे मारतील. मारलं असतं तर त्यानं पाय धरले असते.

“मीबी ऐकली व्हती,” वस्ताद म्हणाले.

“काय?”

“थाप.”

“वरडायला तोंड उघडलं व्हतं मी. पर पकड नामी व्हती. माझ्या हातनं शिकलेली पकड. बघत बसलो.”

महिपतीनं डोळे मिटले. हे त्याला ठाऊक नव्हतं. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानात गेलं, आणि ते पुसायला त्याचा हात उठला नाही. ताराक्कांनी पुढं होऊन पदरानं पुसलं. त्या वस्तादांकडं बघत नव्हत्या.

पाटावरची वाटी तशीच भरलेली होती.

“आई,” महिपती म्हणाला, “कूस बदलायची येळ झाली.”

रोज या वेळी वस्ताद पुढं होत. एक हात मानेखाली, एक पाठीखाली, आणि ताराक्का पाय धरत. नाहीतर पाठीला जखमा होतात. आज वस्ताद जागचे हलले नाहीत.

“वस्ताद,” बळवंत म्हणाला. “आता मी काय करू?”

वस्तादांनी त्याच्या हातातली दोरी काढून घेतली आणि खाटेच्या दिशेनं मान हलवली.

“मान आदी धर,” ते म्हणाले. “आणि टाच टेकवू नगंस.”