मोकळ्या गावातले दोर

आधीच माफी मागतो. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाच्या चुका राहिल्या असतील. शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र लहानथोर सगळ्यांसाठी आहे.

फार फार वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे एक गाव होतं. आपल्यासारखं मोकळं गाव जगात नाही, असं तिथले लोक येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. गावात कायदा एकच. ज्याला कुणाचा त्रास होईल, त्याने रस्त्यात आडवा दोर बांधावा. तो इतरांनी ओलांडायचा नाही, आणि सोडायचा किंवा उचलायचा तर बांधणाऱ्यानेच.

पन्नास वर्षांत इतके दोर झाले, की गावातली कुत्रीसुद्धा विचार करून पळत.

तिथे एक म्हातारा पैलवान होता. तो रोज पारावर बसून म्हणे, "आमच्या काळी काय मोकळीक होती! आता शिंकायचं तरी विचारून शिंकावं लागतं."

एके दिवशी त्याच्या नातवाचं लग्न निघालं. मांडव नदीकाठी होता. "मुहूर्त टळला तर मुलगी देणार नाही," असं नवरीच्या बापाने बजावलं होतं. वरात निघाली आणि दहा पावलांवर थांबली. समोर पाच दोर!

"कुणी बांधलेत हे?" पैलवान गरजला. "सोडा आधी! माझा नातू अडकलाय!"

कुणी हललं नाही. शेवटी नवरदेवाची घोडीच वैतागून म्हणाली, "आबा, गाठी बघा की. असली पैलवानी गाठ दुसऱ्या कुणाला येते?"

पैलवानाने वाकून पाहिलं. पहिला दोर त्याचाच, पोरं विटीदांडू खेळत म्हणून. दुसराही त्याचाच, सनईवाला दुपारी सराव करी म्हणून. वरातीतला सनईवाला आभाळाकडे बघू लागला. तिसरा दोर शेजारीण मोठ्याने हसते म्हणून. चौथा कशासाठी, ते त्याला आठवेना.

"आबा, लवकर!" नवरदेव रडकुंडीला आला.

म्हाताऱ्याने दातांनी ओढून चारही गाठी सोडल्या. त्यात एक दात गेला.

पाचवा दोर म्हाताऱ्या परटिणीचा होता. ती धुण्याचं गाठोडं घेऊन तिथेच उभी होती.

"सोड ना बाई," पैलवान म्हणाला.

"नाही सोडायची. तुमच्या त्या मोकळ्या काळात तुमचा बैल मोकाट फिरायचा, आबा. दोनदा मला गटारात लोळवलं त्याने. नदीवर मी काट्याकुट्यांतून जायची. हा दोर बांधला, तेव्हा कुठे मला रस्ता मिळाला."

"तो बैल कधीच मेला की गं!"

"त्याचा नातू आहे ना तुमच्या दारात."

तेवढ्यात मागे बैल डुरकला. पैलवानाने वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "राहू दे दोर. जरा वर तेवढा धर."

परटिणीने दोर उचलून धरला. नवरदेव उतरला आणि बाशिंग सांभाळत, वाकून तिच्यापुढून गेला. घोडीही मान खाली घालून गेली. मुहूर्त साधला.

तेव्हापासून पारावर कुणी म्हणालं, "पूर्वी मोकळीक जास्त होती," की पैलवान पडलेल्या दाताच्या फटीतून शीळ घालत विचारी, "कुणाला?"

तात्पर्य: आपली मोकळीक कमी झाली असं म्हणण्याआधी, आपण कुणाची वाट अडवली आहे ते पाहावं.

ही गोष्ट लिहून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या पोरांनी आमच्या अंगणातून जाऊ नये म्हणून लावलेली तार काढली. आमच्या कुत्र्याची साखळी मात्र तशीच ठेवली.